दोक्सूच्या नावचा फोन

"परत गार. रोज उठून गारच. मी काय चुलीला बांधून घेतलंय स्वतःला? यायचं नसेल तर तसं सांगावं माणसानं, भाताला ताटकळत ठेवू नये."

आवाज कागदी दारापलीकडून आला. मी आमच्या खोलीत बोचकी सोडत बसले होते. दार म्हणजे नुसती लाकडी चौकट आणि वर चिकटवलेला कागद. पलीकडे कुणी उसासा टाकला तरी अलीकडे कागद फुगायचा. मला वाटलं, मालकीणबाई मुलाला बोलतायत. भाडेकरूनं पहिल्याच दिवशी मोकळेपणा दाखवावा म्हणून मी दार जरासं सरकवलं.

"मावशी, मुलगा आला वाटतं? ओळख तरी होईल."

आत मुलगा नव्हता. मालकीणबाई खालून चुलीच्या धगीनं तापणाऱ्या जमिनीच्या उबदार कोपऱ्यात गोधडी उचलून बसल्या होत्या, आणि गोधडीखाली झाकण घातलेली एक पितळी वाटी होती. त्यात नवल नाही. घरचं माणूस बाहेर असलं की त्याच्या वाटणीचा भात आम्ही सगळ्याच जमिनीच्या उबेला झाकून ठेवतो. नवऱ्याला बर्फाच्या कारखान्यात उशीर झाला की मीही ठेवते. नवल वाटलं ते पुढचं. आत जाऊन मी तळवा टेकला तर जमिनीचा चटका बसला. आणि वाटीवरचं झाकण मालकीणबाईंनी उचललं तर भातावर थंडीतल्या खिडकीच्या काचेसारखं दव धरलेलं.

"समुद्रावर आहे दोक्सू," त्या म्हणाल्या. "येईल." आणि झाकण घातलं.

जुमुन्जिनच्या बंदरात हे कुणीही कुणाबद्दल म्हणतं. अर्धं गाव माकूल पकडायला समुद्रावर असतं आणि उरलेलं अर्धं ती माकुलं दोरीवर वाळत घालतं. मी म्हटलं, बरं.

दुसऱ्या दिवशी मी वड्या केल्या. नव्या घरात आलं की तांदळाच्या पिठाचे आणि लाल चवळीचे थर लावून उकडायचं आणि गरम गरम वड्या आळीत वाटायच्या. चवळी लालच लागते. का, ते कुणी मुद्दाम सांगत नाही. लहानपणी आजी एवढंच म्हणायची की लाल रंग बघून जे यायला नको ते येत नाही. शेजारच्या अंगणात चूल मागून घेतली होती, तिथून भांडं उचलून आणलं तर मालकीणबाई फाटकात आडव्या.

"ते आत आणू नकोस."

"मावशी, वड्या आहेत."

"डोळे आहेत मला. पांढऱ्या वाटाण्याच्या कर, मी दोन खाईन, चार खाईन. लाल चवळी या उंबऱ्याच्या आत येत नाही."

मी भांडं तसंच उचलून कोपऱ्यावरच्या तांदळाच्या दुकानात नेलं. दुकानवाली ह्वांगबाई. आळीतला एकुलता एक फोन तिच्याकडे, त्यामुळे आळीतल्या बातम्याही तिच्याकडेच. तिनं उभ्याउभ्याच पहिली वडी तोंडात टाकली.

"मी सांगायला हवं होतं तुला. त्या घरात नाही चालत."

"का?"

"दोक्सू समुद्रावर आहे ना."

"मग? समुद्रावरच्या माणसाला लाल चवळीचं काय वाकडं?"

ह्वांगबाई बराच वेळ चावत राहिली. "मीठ अगदी बेताचं पडलंय," ती म्हणाली. लाल चवळीचं वाकडं कुणाला असतं ते दोघींनाही ठाऊक होतं, म्हणून दोघी चावत राहिलो.

आता फोनचं सांगते, कारण घर बदलल्यावर मला चूल, पडदे, मसाल्याचे रांजण यांच्याही आधी हवा होता तो फोन. माझी मुलगी मिर्योंग सोलला असते, शिवणाच्या कारखान्यात. तिचं पहिलं बाळ गेलं तेव्हा तिनं आमच्या जुन्या आळीतल्या न्हाव्याकडे फोन केला होता. न्हावी सणासाठी गावी. फोन बंद दुकानात वाजत राहिला असेल, आरशांसमोर. आम्ही पोहोचलो तोवर तिचं दूधही आटलं होतं. रडली नाही पोरगी. एवढंच म्हणाली, "आई, मी खूप वेळ वाजू दिला गं." हे वाक्य माझ्या कानात बसलंय ते बसलंयच. आता तिला परत दिवस गेले होते, आणि या वेळी तिनं वाजवलं की मीच उचलायचं, एवढं एकच मी ठरवलं होतं.

आम्हाला भाड्यानं दिलेली खोली दोक्सूची. गल्लीकडच्या भिंतीवर त्याचं निळं जाकीट खिळ्याला टांगलेलं, आणि ते तिथून हलवायचं नाही अशी मालकीणबाईंची अट. झाडताना एकदा जाकिटाची बाही उचलली तर मागे भोक. बोटाएवढं, आरपार, कडा घासून नीट केलेल्या, आत चिंधी कोंबलेली.

"वायरीचं भोक आहे," नवरा खूश होऊन म्हणाला. "आपल्या आधीच कुणीतरी फोनची तयारी करून ठेवलीय. बघ, नशीब म्हणतात ते हे."

रोज सकाळी ती चिंधी भोकातून निघून आत जमिनीवर पडलेली असायची. ओली. मी पिळून परत कोंबायची, घट्ट, चमच्याच्या दांड्यानं ठोकून. सकाळी परत खाली.

"समुद्राची हवा, अगं," नवरा म्हणाला. "ओलावा असतो."

"हवा आतल्या बाजूला ढकलते? एवढी ठोकून बसवलेली?"

त्याला कामाला उशीर होत होता. हा माणूस एरवी कारखान्याचा भोंगा झाल्यावर मोजे शोधायला लागतो.

टेलिफोन कचेरीत गेले तर खिडकीतल्या बाबूनं पत्ता ऐकून मान वर केली. "या घरातून अर्ज आहे की. जुना. नंबर लागलाय त्याचा. दोनदा कळवलं, कुणी फिरकलं नाही." अर्ज दोक्सूच्या नावचा. "कुठंयत ते?"

"समुद्रावर," मी म्हटलं. मीही शिकले होते.

"परत कधी?"

 त्यानं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागच्या रांगेकडे. "असं करा, त्यांनी यावं नाहीतर सहीच्या जागी आईचा शिक्का आणावा. लगेच जोडून देतो. तुमच्या नावानं नवा अर्ज केलात तर पुढचं वर्ष धरून चाला." मिर्योंगचे दिवस वसंतात भरत होते.

घरी आले ते उड्या मारतच. मालकीणबाई अंगणात माकुलं उलटत होत्या.

"आज नको," त्या म्हणाल्या. "आज वाईट वारं पूर्वेला आहे. भिंतीत खिळा ठोकायचा नाही."

वाईट वारं दर दोन दिवसांनी दिशा बदलत फिरतं आणि ते असेल त्या बाजूला कुणीच ठोकत नाही, मानलं. मग ते दक्षिणेला गेलं. मग पश्चिमेला. मग ज्या दिवशी ते आभाळात जातं आणि सगळं गाव घरं बदलतं, त्या दिवशी मालकीणबाईंची कंबर धरली.

"मावशी, ठोकायचं काहीच नाहीये. भोक आयतं आहे."

"तुला कुणी सांगितलं भोकाचं?" त्यांनी असं विचारलं की माझ्या हातातलं माकूल खाली पडलं. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "जाकीट नको हलवूस, बाई. एवढंच मागते ना तुझ्याकडे."

एक सांगायला हवं, बाई तोंडाळ होत्या. मांजराला, मीठवाल्याला, सरकारला, माझ्या नवऱ्याच्या सायकलीला, सगळ्यांना शिव्या. पण 'मेल्या' एवढी एकच शिवी त्यांच्या तोंडून कधी यायची नाही.

शेवटी मी ह्वांगबाईला गाठलं, दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही असं बघून.

"काय आहे ते सांगून टाक. माझ्या पोरीचा प्रश्न आहे."

तिनं तांदळाच्या पोत्यात माप खुपसलं आणि तसंच ठेवलं. "दोन हिवाळे झाले. दोक्सूची बोट गेली, बाकीच्या बोटी परत आल्या. ती नाही. बोटीवरच्या इतर पोरांच्या घरच्यांनी वाट बघितली आणि मग किनाऱ्यावर विधी केला. ज्याची त्याची जेवायची वाटी, तांदूळ भरून, फडक्यात बांधून, लांब पांढऱ्या पट्टीला अडकवून पाण्यात सोडतात. बघितलायस ना तू?"

"वाटीत केस आला की बुडालेल्याचा आत्मा वर आला समजायचं."

"सगळ्यांच्या वाट्यांत आले. मी होते तिथं. एकट्या हिनं वाटी दिली नाही. म्हणाली, मग माझा मुलगा जेवणार कशात?"

मी खाली सांडलेले चार दाणे वेचून पोत्यात टाकले.

"आणि फोन?"

"जाताना भिंतीला भोक पाडून गेला पोरगा. आईला म्हणाला, माझा नंबर लागेलच आता. फोन जोडून झाला की पहिला फोन माझा, ज्या बंदरात असेन तिथून. उचलायचा तू." ह्वांगबाईनं माप बाहेर काढलं, तांदूळ सारखे केले. "आता तूच बघ. घरात फोनच नाही, तर तो करणार कुठं? पण उद्या फोन जोडला आणि..."

"आणि वाजलाच नाही, तर."

"समुद्रावर आहे तो," ह्वांगबाई घाईघाईनं म्हणाली, आणि मला न लागणारे तांदूळ मापून दिले.

त्या संध्याकाळी घरी एकटीच होते. मालकीणबाई माकुलं गोळा करत होत्या. चिंधी परत खाली पडलेली. उचलायला वाकले तर भोकातून आवाज येत होता. वाऱ्याचा असतो तसा शिट्टीसारखा नाही. मी जाकीट बाजूला केलं आणि कान लावला. फोन उचलल्यावर समोरचं माणूस बोलायच्या आधी क्षणभर जे असतं ना, नुसतं असणं, श्वास घेऊन थांबणं, तसं होतं ते. मी "कोण?" म्हणणार होते. ओठांपर्यंत आलं होतं. आजी म्हणायची, दिसत नाही त्याला आधी हाक द्यायची नाही. मी चिंधी कोंबली, जाकीट सोडलं. जाकिटाचं अस्तर ओलं होतं आणि माझ्या कानाला मीठ लागलं होतं.

पुढच्या आठवड्यात ह्वांगबाई चपला न घालता धावत आली. "मिर्योंगचा नवरा होता फोनवर. इस्पितळात नेलंय म्हणाला आणि तुटला. परत लागत नाहीये."

मी कुठला बूट कुठल्या पायात घातला ते मला आठवत नाही. पोस्टात जाऊन सोलचा फोन मागितला आणि दुपारभर बाकावर बसले. लागला तेव्हा जावई म्हणाला, रक्त जायचं थांबलंय, बाळ आहे, पण आता बाळंतपणापर्यंत अंथरुणातून उठायचं नाही. मग म्हणाला, "आई, तुमच्याकडे फोन असता तर तिला धीर आला असता. रात्रंदिवस एकच चाललंय तिचं, वाजवलं तर कोण उचलेल."

परत आले तर मालकीणबाई फाटकात. ह्वांगबाईकडून त्यांना कळलं होतं. त्यांनी कमरेची पिशवी सोडली, त्यातून शिक्का काढला आणि माझ्या हातात ठेवला. गरम होता, अंगाच्या उबेनं.

"जोडून घे."

"मावशी..."

"ऐक. पहिला फोन तू उचलायचा. मी नाही. आणि कुणाचा होता ते मला सांगायचं नाही. तुझ्या मिर्योंगचा असला तरी सांगायचं नाही. कबूल?"

"कबूल."

"मला विचारावंसं वाटलं तरी नाही."

"नाही सांगणार."

"बरं मग रड आता," त्या म्हणाल्या. "मघापासून तोंड धरून उभी आहेस, नाक लाल झालंय मिरचीसारखं."

नंबर मिळाला तसा मी मिर्योंगला तारेनं कळवला. गुरुवारी दुपारनंतर नवऱ्याकडून लावून घे, मी शेजारीच बसून असेन.

गुरुवारी लख्ख ऊन होतं. फोन जोडणारा आला, प्यो नावाचा, गोल चेहऱ्याचा, सतत गुणगुणणारा. वायरीचं टोक त्यानं गल्लीतून भोकात घातलं. जाकीट मी स्वतः काढून हातावर घेतलं. मालकीणबाई तेवढा वेळ पलीकडच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसल्या. प्योनं आत येऊन काळा फोन माझ्या शिवणाच्या पेटीवर ठेवला आणि स्क्रू पिळले.

"अजून जिवंत नाहीये हा," तो म्हणाला. "खांबावर जोडायचाय. तोवर उचलून उपयोग नाही."

"आधी खाऊन घ्या," मी म्हटलं. उकडलेले बटाटे आणि मुळ्याचं लोणचं काढून ठेवलं होतं. तो अंगणातल्या लाकडी बाजेवर बसला. खांबाकडे जायची वायर, गुंडाळी करून, त्याच्या मांडीवर. तांब्याची दोन टोकं उन्हात चमकत होती. अंगणाकडचं कागदी दार सताड उघडं, त्यामुळे तो मला आतून दिसत होता आणि त्याला मी.

फोन वाजला.

प्योचं गुणगुणणं थांबलं. त्यानं फोनकडे बघितलं, मग मांडीवरच्या वायरीकडे. दोन टोकं होती तिथंच होती. त्यानं ती एकमेकांपासून आणखी लांब धरली, दोन हातांत, भांडणारी पोरं धरावीत तशी.

फोन वाजतच राहिला.

"उचलू नका, ताई," प्यो हळूच म्हणाला. बटाटा अजून त्याच्या गालात होता. "हा वाजू शकत नाही."

मला सगळं कळत होतं. दोन टोकं दिसत होती. पण ज्या बाईनं एकदा पोरीला बंद दुकानात वाजवत ठेवलंय तिला फोन वाजताना बसून राहता येत नाही, मग तो कुठूनही वाजत असो. मी उचलला.

"मिर्योंग?"

आधी तेच, श्वास घेऊन थांबणं. त्यामागे पाणी, खूप पाणी, हळू हलणारं. मग एक पोरगा बोलला. घसा बसलेला, जणू थंडीत फार वेळ उभा राहून बोलतोय. पण खुशीत होता.

"झाला का जोडून?"

 हातावर त्याचं जाकीट होतं आणि बाहीतून थेंब थेंब पाणी माझ्या मोज्यावर पडत होतं.

"आई? झाला ना जोडून? मी म्हटलं होतं ना, पहिला माझा."

मी वर बघितलं. मालकीणबाई मधल्या दारात उभ्या होत्या. कुणाचा ते सांगायचं नाही, असं ठरलं होतं आणि मी सांगितलं नाही. ओठसुद्धा हलवला नाही. पण माझा चेहरा काही शिक्का नव्हे, पिशवीत घालून ठेवायला. त्यांनी बघितला, माझ्या हातावरच्या जाकिटाकडे बघितलं, आणि गोधडीखालून वाटी काढून आणावी तितक्या सावकाश येऊन फोन माझ्या हातातून घेतला.

"हं. झाला," त्या म्हणाल्या. "तुझाच नंबर लागला. आत्ताच बसवला."

ऐकत राहिल्या. अंगणात प्यो उभा होता, टोकं दोन हातांत.

"जेवलास का?" मग त्यांनी फोन कानाशी आणखी दाबला. "गार असतो रे. माहितीये मला. मी रोज गरमच ठेवते, झाकण उघडलं की गार. तू येऊन शिवून जातोस होय? मला वाटलंच होतं." त्या थोडं हसल्या. "चिंधी काढतोस ती? ही बाई रोज घालते आणि तू रोज काढतोस. वेड्या, तिला भीती वाटते ना."

पाण्याचा आवाज आता मलाही लांबून ऐकू येत होता.

"नाही. येऊ नकोस. तसा नको येऊस, भोकातून. ऐक माझं." त्यांनी दुसऱ्या हातानं माझ्या हातातलं जाकीट घेतलं आणि छातीशी धरलं. त्यांचं पोलकं भिजलं. "मीच येते. उद्या सकाळी वाटी घेऊन येते किनाऱ्यावर. तुझीच वाटी, पितळी. लांब पट्टी बांधीन, पाहिजे तेवढी लांब. पकडशील ना? लहानपणी माझा ओचा पकडायचास तशी. सोडायचं नाही."

तिकडून काहीतरी विचारलं असावं. मालकीणबाईंनी डोळे मिटले. मग माझ्याकडे बघितलं, शिवणाच्या पेटीकडे, उन्हात उभ्या असलेल्या प्योकडे, आणि त्यांचा आवाज मांजराला, मीठवाल्याला, सरकारला बोलताना असायचा तसा नेहमीचा झाला.

"लाइन मोकळी कर आता, बाळा. हिच्या लेकीचा फोन यायचाय, ती पोटुशी आहे, तिला ताटकळत ठेवायचं नाही. ठेव. मीही ठेवते." त्यांनी श्वास घेतला. "तू गेलास रे, दोक्सू. मेलास तू."